एक सरळ ओळ

गोधडीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि सगळीकडे सारखा यावा, एवढंच माझं मागणं आहे. पण लेकीच्या बाळासाठी माझ्या जुन्या सुती साड्या एकावर एक घालून बसले, तेव्हापासून एक ओळ धड येईल तर शपथ! वरून बरी दिसते म्हणून उलटून पाहावं, तर खाली एक टाका मुंगीएवढा आणि शेजारचा झुरळाएवढा. उसवते, पुन्हा घालते. बोटांची चाळण झाली.

समोर शेंगा सोलत बसलेल्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, बाळ काय टाके बघणार आहे?"

"बाळ नाही, विहीणबाई बघतील!" मी फणकारले.

मग त्यांनी आपल्या नव्या सुनेचे किस्से सुरू केले. मी हसत, ऐकत सुई चालवत राहिले. पोळीचंही असंच होतं. पाहुणे जेवायला असले की तिचा नकाशा होतो आणि घरच्या घाईत, बोलता बोलता लाटलेली मात्र गोल गरगरीत. आपण पाहत नसतानाच हात शहाणा होत असेल, तर या डोळ्यांचं करायचं काय?

दोरा संपला. खाली पाहिलं, तर अख्खी ओळ तांदळाच्या दाण्यांची! जाऊबाईंना दाखवायला गोधडी उचलली, तर तिच्याबरोबर माझी नेसती साडीही वर आली. ओळ मांडीवरच्या साडीसकट शिवली होती.

जाऊबाईंना हसू आवरेना. मी कात्री घेतली आणि आयुष्यातली एकुलती एक सरळ ओळ उसवायला बसले.