पट्ट्यावरची झडती

श्रावणजींना भीती वाटली की ते यमक जुळवत. त्यांच्या गोठ्यात नाग निघाला तेव्हा आम्ही काठ्या शोधत होतो, आणि हे गृहस्थ दारात उभे राहून नागाला झडती ऐकवत होते. झडती म्हणजे आमच्याकडे पोळ्याला, तोरणाखाली बैल उभे असताना, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला मारलेला जोडओळींचा टोला. शेवटी सगळ्यांनी मिळून ‘हर बोला, हर हर महादेव!’ सौसरजवळच्या आमच्या गावात वरचा मोहल्ला विरुद्ध खालचा मोहल्ला असा हा सामना रंगतो. नियम एकच, मधे दम घ्यायचा नाही. जो आधी अडला तो हरला. वरच्या मोहल्ल्याचे श्रावणजी माझ्या आठवणीत कधी अडले नव्हते. नागसुद्धा, शपथेवर सांगतो, दोन ओळी ऐकून निघून गेला.

माणूस तुराटीसारखा वाळका, पण आवाज असा की शेतातून हाक मारली तर रस्त्यावरची बोरगावची बस थांबे. ड्रायव्हर शिव्या देई आणि श्रावणजी त्यालाही एक झडती बांधून देत. वयानं माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे, पण मला ‘भाऊ’ म्हणत, कारण त्यांच्या मते झडती ऐकून हसणारा माणूस वयानं मोठाच असतो.

गेल्या उन्हाळ्यात संत्र्याचं कॅरेट उचलताना त्यांच्या छातीत कळ आली आणि जबड्यापर्यंत चढली.

“ग्यास हाय,” ते म्हणाले.

“ग्यास दाढेत जाते काय?” वच्छलावहिनींनी विचारलं. नवऱ्याचं यमक मधेच तोडण्याची हिंमत असलेली गावातली ही एकच व्यक्ती.

सौसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला जाऊन पट्ट्यावरची तपासणी करा. पट्टा फिरतो, त्यावर चालायचं, हळूहळू चढ आणि वेग वाढवतात, हृदयाला किती झेपतं ते कागदावर उमटतं. झालं! त्या दिवसापासून श्रावणजींनी जिल्हाभर चौकशी मांडली. एकानं सांगितलं, पट्टा माणसाला मागच्या भिंतीवर फेकतो. दुसरा म्हणाला, मधे हृदय बंद करून पुन्हा चालू करतात, मोटरपंपासारखं. लोधीखेड्याचा एक जण ऑपरेशन होऊन आला होता. त्याच्या घरून मात्र श्रावणजी गुपचूप परत आले. मी जामसांवलीला नेलं, म्हटलं मारोतीला सांगा, धीर येईल. ते हात जोडून बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, “त्याले काय सांगू, भाऊ? तो समुद्र उडून गेला. त्याले पट्टा काय समजनार?”

नागपूरच्या जीपमध्ये त्यांनी इतक्या झडत्या बांधल्या की वहिनी कंटाळल्या. “बैलाच्या शिंगापुढं उभे राहता तवा भेव नाई, मशीनले काहून भिऊन राहिले?”

“बैल वळखीचा असते वं.”

दवाखान्यात एका मुलीनं त्यांच्या छातीवरचे केस काढून वायरी चिकटवल्या. शर्टाशिवाय ते सोललेल्या उसासारखे दिसत होते. मला आत जायची परवानगी नव्हती, म्हणून अर्थातच मी दाराच्या फटीत उभा राहिलो. मुलगी गोड आवाजात म्हणाली, “काका, छातीत दुखलं किंवा दम लागला की लगेच सांगा. मी पट्टा थांबवते.”

इथेच सगळा घोटाळा झाला. दम लागला असं आपण होऊन सांगायचं! झडतीवाल्याला! त्या वाक्यात श्रावणजींना समोरच्या मोहल्ल्याचं आव्हान ऐकू आलं. पट्टा सुरू झाला आणि तेही सुरू झाले:

“पट्टा चाले घरघर, मानूस जागच्या जागी,
नागपूरले आनून देवा, लावलं कोन्या मार्गी!”

“काका, बोलू नका, श्वास पुरणार नाही.”

“छातीवरचे केस काढून वायर सारे लावले,
बायकोले न दिसले तीळ, या पोरीनं पाह्यले!”

मुलगी लाजली, बाहेरची रांग दाराशी गोळा झाली, कुणीतरी मोबाइल वर केला. चढ वाढला. आम्ही सगळे ‘महादेव!’ म्हणून ओरडत होतो आणि मी तर सर्वांत पुढे. मग तिसरी झडती सुरू झाली: “चढ आला, चढ आला, जसा सिलेवानीचा घाट...” आणि तिची दुसरी ओळ आलीच नाही. त्यांनी एकदम ‘हर हर महादेव!’ म्हटलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मुलीनं मात्र कागदाकडे बघून पट्टा आधीच थांबवला होता.

“काका, दुखत होतं ना?”

“दुखत तर पयल्या झडतीपासून होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगतलं असतं तर हारलो असतो ना, बाई.”

डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी आजच करू, बहुधा ऑपरेशन लागेल, उशीर नको. श्रावणजींनी शर्टाची बटणं लावली. वहिनी रडल्या, मी भांडलो. ते जीपमध्ये जाऊन बसले. सौसरला उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “लोधीखेड्याच्या त्या मानसाची छाती उघडली तवापासून तो फू-फू बोलते, भाऊ. बायकोलेबी आयकू येत नाई. मले तसं नाई जगाचं.” प्रत्येकाचं तसं होत नाही, हे मी समजावलं. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

गावात तोवर व्हिडिओ पोचला होता. श्रावणजींनी नागपूरच्या मशीनला हरवलं! पारावर त्यांना हार घातला, चहा पाजला. श्रावणजी हसत हसत सांगत, “मी उतरलो नाई, पट्टा थांबला. जितलं कोन?” वहिनी दारातून हे बघत आणि आत जात.

एकट्या किसनाला हसू आलं नाही. किसना खालच्या मोहल्ल्याचा झडतीवाला, श्रावणजींचा कट्टर दुश्मन. तो व्हिडिओ घेऊन माझ्याकडे आला. “भाऊ, तिसरीले जोड नाई. श्रावनजी काहून अडले?” झडतीवाल्याचा कान! मी खरं ते सांगितलं.

पोळा आला. तोरणाखाली बैल उभे राहिले. श्रावणजींचा सदरा अंगावर सैल लोंबत होता, पण आवाज अजून शाबूत होता. त्यांची आणि किसनाची बराच वेळ जुंपली. मग एका झडतीच्या मध्यावर श्रावणजींनी तोंड मिटून नुसता गिळल्यासारखा श्वास घेतला. लोकांच्या ध्यानात आलं नाही. किसनाच्या आलं. त्याची पाळी आली तशी त्यानं पहिली ओळ म्हटली, डोकं खाजवलं, सर्वांना दिसेल असा लांब श्वास ओढला आणि म्हणाला, “विसरलो बाप्पा!”

वरच्या मोहल्ल्यानं श्रावणजींना खांद्यावर घेतलं. वरून ते फक्त किसनाकडे बघत होते.

घरी जाताना बैलाची वेसण त्यांच्या हातात होती आणि मी शेजारी. मी म्हटलं, “जिंकलात की!”

“ते झडती किसनाच्या बापानं बांधलेली हाय,” ते म्हणाले. “झोपीतून उठोला तरी म्हनन तो. लेकाचा मले दम घेऊ देऊन राहिला होता.” थोडं चालल्यावर थांबले. चढ नव्हता, तरी थांबले. “गावात समद्यायले मालूम हाय काय, भाऊ?”

“किसनाला आहे. तो बापाची झडती विसरला म्हटल्यावर बाकीच्यांनाही आज कळलं असेल.”

“मंग मी इतके दिस कोनासाठी हासून राहिलो होतो?”

मी संधी साधली. “मग आता चला नागपूरला. लपवायचं काही उरलं नाही.”

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. भीती होतीच, पण या वेळी त्यांनी यमक जुळवलं नाही. “चाला,” ते म्हणाले. “कापसाची पयली वेचनी झाली की जाऊ.”

वहिनींनी त्याच दिवशी पिशवी भरून ठेवली. मी जीपवाल्याला सांगून ठेवलं.

ते वारले तेव्हा अर्धं शेत वेचायचं राहिलं होतं.