सिनेमाची पळवलेली सुरुवात

गेल्या रविवारी सिल्व्हर पार्कच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या काकांवर अन्याय झाला. लोक हॉलमध्ये उशिरा आले, म्हणून सेक्रेटरीने रिमोटने सिनेमाची सुरुवातच पुढे पळवली. काका दर रविवारी सुरुवातीसाठीच सगळ्यांच्या आधी येऊन बसतात आणि माझ्या कानात अंदाज कुजबुजतात, जसं की "बाई एकटी राहते, पण कप दोन धुतेय. कोणीतरी परत येणार बघ." आणि तो येतोच.

"अहो, ओळख करून न देता लग्न लावताय?" काका म्हणाले.

"अंकल, बैठो ना! स्टोरी तो आगे है," मागून कोणीतरी ओरडलं.

काकांनी खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि ते घरी गेले. शेवटी नायक जुना रेडिओ छातीशी धरून रडला, तेव्हा हॉलभर एकच प्रश्न: "रेडिओ कुणाचा रे?"

पुढच्या रविवारी वेळेवर या. उशीर झालाच, तर मागे गप्प बसा. रिमोटला हात लावू नका.