बाकावरची ड्युटी

रिकामी बसणारी माणसं नागपुरात हवी तेवढी सापडतील. पण बसणं हे काम समजून, त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेवर हजर होऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नंदनवन भागातल्या एका जुन्या दुमजली शॉपिंग सेंटरच्या दारात, आत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला, एक सिमेंटचं बाक आहे. त्या बाकावर हे काका बसत. त्यांची सारी नोकरी शहराबाहेरच्या वीजकेंद्रात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी या बाकावर स्वतःची नेमणूक करून घेतली असावी, असं आमचं मत होतं. शटर वर जायला आणि काका यायला एकच गाठ पडायची. खिशात पेन, ते कशाला हे त्यांनाच ठाऊक, आणि हातात रुमाल. रुमालानं अख्खं बाक पुसायचं आणि मग स्वतः अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तसं अंग चोरून बसायचं. बाकीची जागा येणाऱ्याची. तिथं कुणी पिशवी ठेवली की लगेच आवाज यायचा, "सामान खाली ठेव गा बापू, ती माणसाची जागा हाय." माणूस मात्र क्वचितच बसे. कुणी बुटाची लेस बांधायला टेकला तर टेकला, की उठून चालू पडला.

आमची त्यांची ओळख झाली ती कॉलेजमुळे. मी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सरांनी आम्हा तिघींच्या गटाला या सेंटरची नवी ओळख घडवायचं काम दिलं: चिन्ह, पाटी, रंग, पिशव्या, सगळं. मोठे मॉल आल्यापासून सेंटर ओस पडत चाललं होतं आणि तिथल्या दुकानदारांच्या संघटनेला काहीतरी नवं हवं होतं. सरांची अट एकच. ही ओळख तुमच्या डोक्यातून नको, तिथल्या लोकांतून आली पाहिजे. आम्ही अर्थातच आधी संत्रं काढलं. नागपुरात काहीही काढायला बसलं की पेन्सिल आपोआप संत्र्याकडे वळते. काकांनी ते चित्र हातभर लांब धरून पाहिलं. "चांगलं हाय," म्हणाले, "पण इथं संत्रं कुठं भेटते वं? इथं चपला न् चश्मे भेटते." माझी पुण्याहून आलेली मैत्रीण दुखावली. मी इतवारी बाजारातल्या भांडेवाल्याची मुलगी, गिऱ्हाइकाचं तोंडावर बोलणं ऐकत वाढलेली; मी ते पान तिथंच फाडलं.

त्या दिवसापासून काका आमचे सल्लागार झाले. कुणी नेमलं नव्हतं, पण त्यांना नेमणुकीची गरज कधीच पडली नाही. सल्ला कशावरही मिळे. पाटीवरची अक्षरं किती जाड असावीत ("म्हाताऱ्याले चश्म्याबिगर वाचता आलं पाहिजे"), पिशवीचा बंद किती लांब असावा, आणि आमच्यातल्या तिसरीनं उन्हात डोक्याला दुपट्टा न बांधता काहून यावं. चहा ते नेहमी दोन सांगत. दुसरा येणाऱ्याचा. कोणी आलं नाही की निवलेला तो चहाही आपणच पिऊन टाकत आणि वर म्हणत, "वाया काहून घालवावं?" बंगळुरूच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की स्वतःचा चेहरा दाखवायच्या आधी फोन फिरवून सेंटरच दाखवत. "हे पाय, चश्मेवाल्यानं नवी काच लावली. अन् ह्या पोरी, आमच्या ऑफिसच्या." मुलगा पलीकडून "बाबा, मीटिंग आहे" म्हणे, आणि काका काळ्या पडद्याकडं पाहत उरलेलं वाक्य पुरं करत. ते पाहताना मला फार वाईट वाटे.

मग आम्ही लोकांचा कौल घ्यायचं ठरवलं. सेंटरमधल्या गोष्टींचे फोटो एका फळ्यावर लावले: गोल जिना, घड्याळ दुरुस्तीवाल्याचं टेबल, समोशांची काचपेटी, मागचा कडुनिंब, आणि बाक. शेजारी टिकल्यांची पाकिटं टांगली. ज्याला जे आपलं वाटतं, त्यानं त्यावर टिकली लावायची. आठवड्याभरात बाकाच्या फोटोवर टिकली लावायला जागा उरली नाही. लाल, मरून, चंद्रकोरीच्या, खड्यांच्या. ते बाक हळदीकुंकवाला निघाल्यासारखं दिसत होतं. "समुदाय बोलला!" म्हणून माझी मैत्रीण नाचलीच. समुदाय बोलला होता खरा, पण एकाच तोंडानं. बांगड्यांच्या दुकानातल्या काकूंनी आमचा आनंद पाहिला आणि म्हणाल्या, "लोक कायचे वं? साऱ्या त्या काकानंच लावल्या. तुमच्या संपल्या तं माह्या दुकानातून नेल्या. मले वाटलं, तुम्हीच सांगितलं असन."

आम्ही तिघी बाकासमोर जाऊन उभ्या राहिलो. काका जराही ओशाळले नाहीत. "लोकायले टाइम नसते," ते म्हणाले. "म्हणून मी त्यायच्या वतीनं लावल्या. जो जो इथं टेकला, त्याच्या नावाची एक." मैत्रीण कळवळून म्हणाली, "पण काका, याला कौल म्हणत नाहीत." "टेकले नव्हते का मंग ते?" काकांनी विचारलं. मग ते रुमालाची घडी घालत आणि मोडत बसले. हळूच म्हणाले, "संघटनेवाले हे बाक काढून इथं एटीएम लावाचं म्हणून राहिले. तुमच्या चित्रात आलं तं नाही काढणार, म्हटलं." मी विचारलं, "काका, घरी बसायले जागा नाही का?" "हाय ना. सोफा हाय. पोरानंच घेऊन देल्ला. पण सोफ्यासमोरून कोणी जात नाही वं."

सरांना आम्ही सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. फळा काढा, म्हणाले, आणि आता लोकांना एवढंच विचारा, की नव्या माणसाला इथल्या दुकानाचा पत्ता कसा सांगता. आम्ही विचारत फिरलो. एक बाई म्हणाली, "ते काका बसते ना, त्यायच्या समोर." चप्पलवाला म्हणाला, "काकाच्या बाकापासून तिसरं." जिन्याचा पत्ता काका, समोशाचा पत्ता काका, वरच्या मजल्यावरच्या दवाखान्याचाही पत्ता काकाच. गंमत म्हणजे पत्ता सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचं आडनाव माहीत नव्हतं, आणि आपण त्यांच्याशी शेवटचं कधी बोललो हे तर कुणालाच आठवेना. मैलाच्या दगडाशी कोण बोलतं?

चिन्ह बाकाचंच झालं. एक आडवी जाड रेघ, खाली दोन पाय, आणि वर मोकळी जागा. संघटनेचे अध्यक्ष साडीवाले शेठ बराच वेळ त्याकडं पाहून म्हणाले, "पाटीवर बाक अन् खाली एटीएम, हे काही बरं दिसत नाही. एटीएम मागं लावू." त्या दिवशी काका बाकावर बसलेच नाहीत. दोन्ही मजले फिरून, दुकानादुकानात डोकावून, बाक राहणार असल्याचं सांगून आले. ज्यांना बाक जाणार होतं हेच ठाऊक नव्हतं, त्यांनीही "वा काका" म्हटलं.

परवा, कॉलेज संपून बरेच महिने झाल्यावर, मी तिकडं गेले. पाटी छान दिसते. पिशव्यांवर, काचांवर सगळीकडं बाक आहे, आणि खरं बाकही पिवळंधमक रंगवलंय. शिकवणीच्या पोरी तिथं फोटो काढतात, जोडपी आइस्क्रीम खातात. सेंटरमध्ये गर्दी परतलीय. काका मात्र बाकावर दिसेनात. मी आजूबाजूला शोधलं. मग दिसले. पलीकडच्या खांबाजवळ, हात मागं बांधून उभे. मला पाहून त्यांनी अभिमानानं बाकाकडं मानेनं खूण केली. "पाय वं, जागाच नाही राहत आता."

बाकावरची पोरं आपापल्या फोनमध्ये होती. काकांकडं कुणी पाहिलंही नाही. "उठा म्हणू का त्यायले?" मी विचारलं.

"छ्या! लोक बसले पाहिजे म्हणून तं एवढं केलं."

"मंग चाला, समोरच्या टपरीवर बसू. चहा घेऊ."

त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी पुन्हा बाकाकडं पाहिलं, आणि तिथून पाय काही निघेना. "नको वं पोरी, इथंच थांबू," ते म्हणाले. "कोणी उठलं तं?"

मी त्यांच्या शेजारी खांबाला टेकून उभी राहिले. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. कोणी उठलं नाही.