जयपूरची वादसभा आणि घरचं बोलावणं

भाची जयपूरला निघालीय. परवा विचारत होती, "आत्या, तू गेली होतीस ना गं? काय काय बघू?" म्हटलं, आमेर बघ, हवामहल बघ, लाखेच्या बांगड्या घे. मी स्वतः यातलं काही धड बघितलेलं नाही. ऐंशीच्या दशकात मी जयपूरला गेले ती भांडायला. म्हणजे वादविवाद स्पर्धेला, पण आमच्या कॉलेजात त्या दोन्हींत फरक नव्हता. समोरच्याला टोमणे मारायचे, हशा मिळवायचा आणि ढाल घेऊन यायचं.

आमंत्रण होतं तिथल्या एका मुस्लिम मुलींच्या कॉलेजाचं. इस्लामी अदबीनं वाद होईल, असं त्यात लिहिलेलं. आमचे सर हसले. "अदब-बिदब ठीक आहे, ढाल मोठी आहे का ते बघा!" आणि माझं नाव पाठवून मोकळे झाले.

अकोल्याहून तेव्हा छोट्या रुळांची गाडी थेट जयपूरला जायची. थेट असली म्हणून काय झालं? इंदूरच्या अलीकडचा घाट चढताना वाटायचं, उतरून चालत गेलो तर आधी पोचू. आईच्या पोळ्या आणि मिरचीचा ठेचा रतलामपर्यंत पुरला, पुढे शेवेवर भागवलं. सर स्पर्धकांच्या धर्मशाळेत उतरले, मी मावशीकडे. तिचे यजमान रेल्वेत, क्वार्टर स्टेशनाजवळच. मावशीनं चहासोबतच तंबी दिली, "तिथं काही खाऊ नको हं. मतलब, तोंडावर नाही म्हणू नको, उपास आहे म्हण."

सकाळी सायकलरिक्षानं रामगंजला, त्या कॉलेजात गेले. (तुम्ही गेलात तर जोहरी बाजारातून पायीच जा. वाटेत कांद्याची कचोरी गरम मिळते, तिच्यासाठी थांबा.) प्राचार्यबाईंना सगळ्या मुली बडी आपा म्हणत. त्यांनी नियम सांगितले. सुरुवात सलामनं किंवा आपापल्या नमस्कारानं. आवाज चढवायचा नाही, चेष्टा करायची नाही. खोडून काढण्याआधी समोरचीचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि ती "जी, यही कहा मैंने" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. तिचा मुद्दा पटला तर "मान लिया" म्हणायचं, मोठ्यानं.

पहिल्या फेरीत मी सवयीनं एक टोमणा हाणला. कुणी हसलं नाही. बडी आपा एवढंच म्हणाल्या, "बेटी, बात का जवाब दीजिए, लड़की का नहीं।" कानशिलं तापली माझी.

तरी अंतिम फेरीत पोचले. विषय, मुलींनी शिकायला परगावी जावं का. चिठ्ठी निघाली आणि माझ्या वाट्याला विरोध आला. समोर नसीमा, जाड चष्म्याची, हळू बोलणारी. तिचं म्हणणं मी सांगितलं. ती म्हणाली, "जी नहीं, यह नहीं कहा मैंने।" पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. मग पहिल्यांदाच नीट ऐकलं तिचं. आपलीच गल्ली पाहिलेल्या मुलीला ती गल्ली बरी की वाईट हेही कळत नाही, असं ती म्हणत होती. तेच मी तसंच म्हटलं. "जी, यही कहा मैंने।" आणि बाप्पा, मला ते पटलंच होतं! म्हटलं, "मान लिया।" ढाल तिला मिळाली. मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही.

रिवाजाप्रमाणे जिंकणारी हरलेलीला दारापर्यंत पोचवते आणि "कहा-सुना माफ़" म्हणते. त्याआधी जेवण होतं. आमच्यासाठी मुद्दाम बाजारातला हलवाई बोलावून वेगळी पुरी-भाजी केलेली. मी मावशीनं पढवलेलं बोलून गेले, उपास आहे. नसीमा धावत दूध आणि केळी घेऊन आली, आणि स्वतःच्या ताटाला तिनं हात लावला नाही. पाहुणी उपाशी असताना ती कशी जेवणार? पुऱ्यांचा वास सुटलेला आणि आम्ही दोघी केळी खातोय. असा राग आला मला मावशीचा!

दाराशी तिचे अब्बा उभे होते. नगिने, म्हणजे दागिन्यांतले खडे, घासायचं काम करायचे. नसीमानं अजमेरच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. मी उत्साहानं म्हटलं, आमच्या गॅदरिंगच्या स्पर्धेला हिला पाठवा. ते म्हणाले, "कॉलेज की चिट्ठी पर नहीं भेजूँगा, बेटी। तुम्हारे वालिद घर बुलाएँ, यह तुम्हारी अम्मी के पास सोए, तो भेज दूँगा।" नसीमानं माझा हात घट्ट धरला. मी शब्द दिला. माझे बाबा नाही म्हणणारच नाहीत, असंही छातीठोकपणे सांगितलं.

परतीच्या गाडीत सर फुगून बसले होते. अजमेर गेल्यावर फुटले. "मान्य कशाला केलंस? वाद घालायला गेलो होतो की मुजरा करायला?" कॉलेजात त्यांनी पसरवलं, त्या लोकांनी पक्षपात केला. स्टाफरूममध्ये जाऊन मी म्हटलं, सर, हे खोटं आहे. त्यानंतर मला कुठल्याच स्पर्धेला पाठवलं नाही. घाला चुलीत तुमची स्पर्धा!

जयपूरहून काय आणलंस, असं भाची विचारते. एक पद्धत आणली होती. ती घरी एकदाच वापरली.

नसीमाला बोलावू या म्हटल्यावर आई आधी ताटावर आली, "तिले ताट कोनतं देशीन?" बाबा तर ओरडायलाच लागले. मी म्हटलं, "बाबा, थांबा. आधी मी काय म्हणाले ते सांगा, मग उत्तर द्या. तिथं असंच करतात."

बाबा थांबले. चष्मा काढला, धोतराला पुसला.

"तुयं म्हननं असं, का पोरगी चांगल्या घरची हाय. तिनं तुले आपल्या हातानं खाऊ घातलं. तिचा बाप तिले कुठीच धाडत नाही, फक्त माह्या भरवशावर धाडते. तं तिले आपल्या घरी ठेवाव, तुह्या मायजवळ निजवाव. बरोबर हाय?"

इतकं नीट माझं म्हणणं त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"हो बाबा. हेच म्हणाले मी."

"मंग नाही येनार थे," बाबा म्हणाले, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.