चढावरचा जळका वास

सिद्धगडाच्या बाजूनं मुरबाडला येताना एक उभा चढ होता. चढाच्या मधोमध, दरीच्या अंगाला, शेंदूर लावलेला दगड. तिथून एक जीप मागं घरंगळत खाली गेली आणि पेटली. ड्रायव्हर आतच गेला. दगड त्याच्यासाठी.

मग जीपवाल्यांनी रिवाजच पाडला. दगडापाशी थांबायचं, दाराशी बसलेल्यानं बाटलीतलं पाणी त्यावर ओतायचं, मग निघायचं. इंजिन बंद करायचं नाही, तो अपशकुन. हँडब्रेक कुणाचाच धड नव्हता. म्हणून तेवढा वेळ गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवायची. तेवढ्यात जळका वास यायचा. बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, "आला गो तो." हात मीही जोडायची.

माझा मुलगा त्याच रस्त्यावर जीप चालवायला लागला. पावसाळ्यात एका दुपारी मी त्याच्या शेजारी होते. धुक्यात दगडसुद्धा नीट दिसेना. मी पाणी ओतलं, त्यानं क्लच सोडला. इंजिन नुसतं ओरडायला लागलं, जीप हलेना. मग ती मागं सरकू लागली. हळू, कुणी दोरी बांधून ओढावं तशी.

"आये, पाय काढलाय क्लचवरचा! तरी मागं जाते!"

"ब्रेक दाब!"

मागच्या बाया उड्या टाकून पळाल्या. मी उतरून चाकामागं धोंडा लावला.

दुसऱ्या गाडीनं ओढून जीप मुरबाडला नेली. गॅरेजवाल्यानं क्लचप्लेट काढून दाखवली. झिजून काळी पडलेली, काचेसारखी गुळगुळीत.

"चढावर अर्ध्या क्लचवर उभी करतोस ना?" त्यानं मुलाला विचारलं.

"सगळेच करतात."

"मग सगळेच जातील. काकी, चढावर येतो तो वास ह्या प्लेटचा. त्या ड्रायव्हरची पण अशीच जळली असणार."

म्हणजे त्याला पाणी घालायला थांबून आम्ही रोज आपलीच गाडी जाळत होतो. मी मुलाला म्हटलं, यापुढं तिथं थांबायचं नाही.

दगडाशी न थांबणाऱ्या जीपमध्ये गावात कुणी बसायला तयार होईना. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "आदी तू बस त्याच्या जीपमदी. जित्ती राहिलीस तर आमी बसू."

मी बसले. जीपमध्ये आम्ही दोघंच. खालूनच पहिला गिअर टाकून त्यानं क्लच पूर्ण सोडला. दगड जवळ आला तसा त्याचा डावा पाय क्लचकडं उचलला गेला. मी त्याच्या गुडघ्यावर जोरात चापट मारली.

"खाली ठेव."

आणि वास आला. तोच. प्लेट नवी होती, पाय क्लचवर नव्हता, पुढंमागं दुसरी गाडी नव्हती.

"आये, वास..."

"मला पण आला. पुढं बघ."

जीप न थांबता वर चढली. वर पोचलो तेव्हाही त्याचा पाय खालीच होता, क्लचवर नव्हता.