जी पानं मला वाचता येत नव्हती

आपा आमच्या गल्लीच्या टोकाच्या उर्दू शाळेत पहिलीला शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नांदेडच्या जुन्या भागात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. आपा म्हटलं की पुरे. पहिलीच्या पोरांसाठी त्या स्वतः गाणी रचायच्या. उमरीच्या बसमध्ये चढून खिडकीशी बसलेल्या शेळीचं गाणं, सोडावाल्याच्या बाटलीतल्या गोटीचं गाणं, दात पडलेल्या मुलीचं गाणं. ही गाणी कुठं छापलेली नव्हती. पोरांच्या तोंडून पोरांच्या तोंडी जायची, एवढंच.

माझं घरातच पुढच्या खोलीत डिझाइनचं काम चालतं. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, शाळांच्या स्मरणिका, जे येईल ते. एक दिवस आपा आल्या आणि म्हणाल्या, "बेटा, माझ्या गाण्यांची किताब करायची. एका बाजूला उर्दू, समोरच्या बाजूला मराठी. दोन्ही शाळांच्या पोरांनी एकच गाणं म्हणावं."

मराठी आम्ही दोघींनी मिळून केलं. त्या उर्दूतली ओळ म्हणायच्या, मी मराठीत बसवायचे, मग त्या बोटांनी टेबलावर ठेका धरून बघायच्या. शेळीनं कंडक्टरला काय म्हणायचं यावर आमची एक अख्खी दुपार गेली. आपांना 'मामा' हवं होतं, मला 'साहेब'. शेवटी आपा म्हणाल्या, "शेळी हाय ती. ती कशाला साहेब म्हणंल?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर पत्रिका घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं. ते दिवस फार चांगले होते. म्हणूनच पुढचं सांगताना मान खाली जाते.

उर्दूचं टायपिंग आपांच्या भाचीनं केलं. ती लातूरला एका क्लासच्या ऑफिसात प्रश्नपत्रिका तयार करायचं काम करते. तिनं सगळी गाणी पीडीएफ करून मला पाठवली. फाइल फोनवर उघडली तर बघत राहावं अशी होती. ओळी उजवीकडून निघून उतारावरनं घसरत आल्यासारख्या खाली येत होत्या, अक्षरं एकमेकांच्या गळ्यात हात घातलेली.

पण माझी मराठीची पानं सरळ ओळींची होती. समोरासमोर ठेवलं की उर्दूच्या ओळी वरखाली व्हायच्या, मराठीच्या ओळीला ओळ लागायची नाही. मला ते खटकायला लागलं.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. पीडीएफमध्ये अक्षरांचा फॉन्ट आत बांधून पाठवलेला असतो, म्हणून ती कुठंही उघडली तरी तशीच दिसते. पण ती डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना सॉफ्टवेअर विचारतं, की मजकूर मजकूर म्हणूनच आणू, का अक्षरांचे नुसते आकार करून आणू? आकार केले तर दिसतं जसंच्या तसं, पण मग अक्षर बदलता येत नाही. मजकूर म्हणून आणला तर हवी ती ओळ सैल करा, घट्ट करा. फक्त तो फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरमध्ये हवा. नसला तर सॉफ्टवेअर आपल्या मनानं दुसरा कुठला तरी लावतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक फाइलचे मी आधी आकार करून घ्यायचे. पण या वेळी मला ओळी जुळवायच्या होत्या. मी मजकूर निवडला. फॉन्ट सापडत नाही, बदलू का, असं विचारणारी खिडकी आली. मी हो म्हटलं.

पानं आली ती वेगळी होती. उतार गेला होता. अक्षरं सुटी सुटी, शिस्तीत एका रेषेत उभी होती. आणि मला ते जास्त नीटनेटकं वाटलं. हे वाक्य लिहितानासुद्धा कानशिलं तापतात. कुणी मराठीतला शब्द फोडून, अक्षरं उलटी लावून माझ्यापुढं ठेवला असता तर मी किंचाळले असते. इथं मी खूश होऊन ओळीला ओळ जुळवत बसले. माझ्या दृष्टीनं ती नक्षी होती.

आमच्या आजोबांची शाळा उर्दूत झाली. निजामाच्या राज्यात तीच शाळेची भाषा होती. ते उर्दू पेपर मोठ्यानं वाचायचे, ते मला आठवतं. मी जन्मभर उर्दू पाट्यांच्या बाजारात भाजी घेतली, आणि मला त्यातलं एक अक्षर ओळखू येत नव्हतं. यायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं.

आपांनी सांगितलं होतं, "छापायच्या आधी मला एकदा सगळं दाखव, बेटा." मी त्यांना मराठीची पानं दाखवली. उर्दूचं काय, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ते तर तयारच आलंय आपा. त्याला मी हातच लावलेला नाही." खरं कारण असं, की आपा हातात कागद आला की बदल सांगत बसायच्या, आणि प्रकाशनाचा दिवस जवळ आला होता. त्यांना घाई करणं मला जड जात होतं. खोटं बोलणं सोपं गेलं.

प्रकाशन शाळेच्याच हॉलमध्ये झालं. आपांनी ठेवणीतला मोतिया रंगाचा दुपट्टा घेतला होता. पुढं सतरंजीवर दोन्ही शाळांची पोरं, मागं खुर्च्यांवर पालक, शिक्षक, आणि पहिल्या रांगेत आपांचे धाकटे भाऊ, म्हणजे त्या भाचीचे वडील. पोरांना पुस्तकं वाटली. मराठी शाळेच्या एका मुलानं शेळीचं गाणं धडाधड वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. मग आपांनी उर्दू शाळेतल्या एका मुलीला उठवलं.

तिनं पान उघडलं. बोट ठेवलं. एक अक्षर वाचलं, मग दुसरं, मग थांबली.

"पढ ना," आपा म्हणाल्या.

"आपा, ये जुडेला नहीं हय."

शेजारचा मुलगा आपल्या पुस्तकात डोकं घालून ओरडला, "आपा, ये तो पूरा उल्टा हय!" मग सगळीच पोरं पुस्तकं तिरकी करून, डोक्यावर धरून बघायला लागली. हसणं सुरू झालं. पोरांना ती गंमतच वाटली. मागच्या खुर्च्यांवर मात्र हसणं नव्हतं. तिथं पानं उलटल्याचा आवाज होता.

आपांनी त्या मुलीच्या हातातलं पुस्तक घेतलं, चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेलं. एक पान बघितलं. दुसरं बघितलं. मग मान वर करून त्या मला शोधायला लागल्या. मी भिंतीशी उभी होते.

त्यांनी काही विचारायच्या आत मी बोलले. "लातूरहून आलेली फाइलच खराब होती बहुतेक."

मोठ्यानं बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पहिल्या रांगेत आपांच्या भावानं हातातलं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि खाली बघितलं.

"अच्छा," आपा म्हणाल्या. मग पोरांकडं वळल्या. "चलो, किताबें बंद. शेळीचं गाणं कुणाकुणाला पाठ हाय?" सगळ्यांचे हात वर गेले. आपांनी सुरुवात केली, उर्दूत एकदा, मराठीत एकदा, आणि पोरं हॉल डोक्यावर घेऊन गायली. कार्यक्रम पार पडला. मी टाळ्या वाजवल्या. हात हलत होते म्हणून वाजत होत्या.

घरी येऊन मी भाचीची मूळ फाइल फोनवर उघडली. शेळीचं गाणं उतारावरून घसरत, हातात हात घालून येत होतं. फाइलला काहीही झालेलं नव्हतं. फॉन्ट बदलताना माझ्याच सॉफ्टवेअरनं जोडलेली अक्षरं सुटी केली होती आणि उजवीकडून चालणारा मजकूर डावीकडून लावला होता. ती उघडायच्या आधीच मला ते ठाऊक होतं. भिंतीशी उभी राहून बोलले तेव्हाही असावं.

सकाळी मी आपांकडं गेले. त्या ओट्यापाशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या. मी सगळं सांगितलं. ओळी जुळवायच्या होत्या इथपासून. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मी म्हटलं होतं तुला, दाखव म्हणून."

"हो."

"तुला वाचता येत न्हाई, हे का मला माहीत न्हवतं? त्यात काय एवढं? विचारायचं होतं." मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "छपाईचं जाऊ दे. माझ्या भावाला मी काय सांगू? त्यो घरी जाऊन लेकीला फोनवर बोलला. लई बोलला."

"मी सांगते त्यांना."

"तू सांगच. आणि पोरीला पण सांग. फोनवर न्हाई. जाऊन सांग."

त्यांनी मला बस म्हटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्याच दिवशी मी लातूरची एसटी धरली. वाटभर वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात कुठं ना कुठं मी थोडी सुटत होते. फॉन्ट नव्हता, घाई होती, सॉफ्टवेअरनं बदललं. क्लासच्या इमारतीखाली पोरापोरींच्या सायकलींची आणि स्कूटींची ही गर्दी. वरच्या मजल्यावर एका अरुंद खोलीत भाची बसली होती, चारी बाजूंना प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. मला बघून उठली. "या ताई," म्हणाली, पण हसली नाही.

मी जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "तुझी फाइल चांगली होती. मी बिघडवली. आणि नाव तुझं घेतलं."

ती परत खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आपा फुप्पीचा फोन आला, तवापासून मी तीच फाइल उघडून बघून राहिले होते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली, सरांच्या फोनवर उघडली. कुठंच चूक दिसंना. मला वाटलं, मलाच दिसून न्हाई राहिली." तिनं गठ्ठ्यावरचा एक कागद उगाच सरळ केला. "अब्बा म्हणाले, सब के सामने नाक कटवाई. मी म्हटलं, अब्बा, मी फॉन्ट आत घालूनच दिला होता. त्यांना त्यातलं काय कळणार? त्यांना एवढंच कळलं, की तुम्ही बोलल्या म्हणजे तसंच असंल."

"मी तोंडाला आलं ते बोलले गं."

"हाव. पण तुमच्या तोंडाला माझंच नाव आलं ना, ताई."

"हो," मी म्हटलं.

"अब्बांना फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मी लावला. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "ठीक हय, बाई. लडकी को दो." मी फोन तिच्या हातात दिला. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ती फक्त "जी अब्बा, जी" म्हणत होती, आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती.

फोन परत देताना तिनं विचारलं, "च्या घेता?" नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चहा पिताना आम्ही फक्त कामाचं बोललो. ती म्हणाली, "आता आकार करूनच घ्या. आणि ओळी जुळल्या न्हाई तर न जुळू द्या. ती तशीच असती."

पुस्तक पुन्हा छापलं. या वेळी उर्दूच्या पानांना मी खरंच हात लावला नाही. आपा आल्या, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि पडद्यावरचं प्रत्येक पान मोठ्यानं वाचलं. मी त्यांच्या बोटाकडं बघत होते. एका ठिकाणी त्या थांबल्या. मी पडद्याकडं वाकले. पण त्या फक्त एक शब्द पुन्हा म्हणून बघत होत्या. चांगला वाटला असावा. शेवटच्या पानानंतर "ठीक हाय," म्हणाल्या आणि उठल्या. शेळी, कंडक्टर, हसणं यातलं काही त्या दिवशी आमच्यात आलं नाही.

दुसरं प्रकाशन केलं नाही. आपांनी स्वतः वर्गात जाऊन पोरांना नवी पुस्तकं दिली आणि जुनी परत मागितली. काही आली, काही आली नाहीत. उलट्या अक्षरांची ती पुस्तकं अजून कुणाच्या तरी घरात असतील. तिथलं एखादं लेकरू त्यावर बोट ठेवून एक एक अक्षर लावत असेल, हा विचार अधूनमधून येतो आणि हातातलं काम थांबतं.

पुढच्या वर्षी आपांनी कोड्यांचं पुस्तक केलं. ते मला रस्त्यात दुसऱ्या कुणाकडून कळलं. लातूरला भाचीनंच सगळं केलं होतं, मराठीसुद्धा. पुस्तक छान झालं होतं. आपा भाजीबाजारात भेटल्या तेव्हा मी तसं सांगितलं. "हाव, पोरगी हुशार हाय," त्या म्हणाल्या. माझ्या मुलाची परीक्षा कशी गेली ते विचारलं, भाव उतरलेत म्हणून मेथी घेऊन जा म्हणाल्या, आणि पुढं गेल्या. आम्ही बोलतो. बोलणं थांबलेलं नाही. पण त्या माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसत नाहीत.

परवा एक तरुण आला, बहिणीच्या निकाहची पत्रिका घेऊन. उर्दूची फाइल त्यानं फोनवर आणली होती. "लावून टाका ताई, संध्याकाळी नेतो," म्हणाला आणि निघाला. मी त्याला हाक मारून थांबवलं. म्हटलं, "मला हे वाचता येत नाही. तुम्ही इथं बसा, मी लावते, तुम्ही वाचून बघा. मग छापू."

त्यानं माझ्याकडं जरा चमकून बघितलं. बाहेरचा बोर्ड बघितला, त्यावर मीच हौसेनं लिहिलंय, की सर्व भाषांतील कामे केली जातील. मग परत माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची पुढं सरकवली. तो बसला.