काढून टाकलेलं चेनकव्हर

हसनाबादचा पुंजाराम आधी सायकल उलटी करायचा आणि मग मालकाला. हवा कमी कशी, तेल कधी घातलं, पायडल कुणी वाकवलं, असा सगळा पंचनामा झाल्याशिवाय त्याचा हात पान्याकडे जात नसे. गिऱ्हाइकं मुकाट ऐकून घेत, कारण हाताला गुण होता आणि जवळपास दुसरं दुकानही नव्हतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि समोर एक पाटी. पाटी मात्र झोकदार. जालन्याच्या पेंटरकडून करून आणलेली, जाड पत्र्यावर निळा रंग आणि पांढरी अक्षरं: ‘पुंजाराम सायकल दुकान. येथे सर्व प्रकारचे काम होईल.’ स्वतःचं तोंड धुवायच्या आधी तो सकाळी ती पाटी पुसायचा.

नवी सायकल दारात आली, की पुंजारामचा पहिला सल्ला ठरलेला. “हे चेनकव्हर काढून टाका. आपल्या मातीला कव्हर चालत न्हाई.” यात खोटं काही नव्हतं. पावसाळ्यात काळी माती कव्हरात अशी गच्च बसते, की चेन फिरायची थांबते आणि माणसाला सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागतो. बाप्यांना काय, धोतर वर खोचलं की झालं. पंधरा वर्षांत त्यानं किती कव्हरं उतरवली याची गणती नव्हती. ती खिळ्याला टांगलेली असत आणि ज्याला हवं तो फुकट उचलून नेई.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी सत्यशीलाबाई सायकल ढकलत दुकानापाशी आल्या. गावातल्या बौद्धवाड्यातली ही चोवीस वर्षांची पोर शिकून मास्तरीण झाली होती आणि सहा किलोमीटरवरच्या एका वाडीची एकशिक्षकी शाळा तिच्याकडे होती. वाडीला एस.टी. जात नव्हती. आधीचे मास्तर आठवड्यातून दोनदा उगवायचे. ही रोज जायची. म्हणून वाडीनं तिला डोक्यावर घेतलं होतं असं नाही, पण पोरं शाळेत बसायला लागली होती.

साडीचा काठ खालून फाटलेला, कोपर खरचटलेलं.

“मामा, साडी परत चेनमध्ये गेली,” ती म्हणाली. “ओचा खोचून पाहिला, दोरीनं बांधून पाहिला. चढाला सुटतोच. याला कव्हर पाहिजे.”

पुंजारामनं नेहमीसारखी सायकल उलटी केली. मालकिणीला मात्र केलं नाही. कारण सायकल त्यानं ओळखली होती.

ती दवाखान्याच्या कंपाउंडरची. खरं म्हणजे त्याच्या बायकोची, उषाबाईंची. हैदराबादच्या माहेराहून आलेली विलायती लेडीज सायकल. उषाबाई क्वचित बसायच्या, कंपाउंडरच तिच्यावरून पेशंट बघत हिंडायचा. एका श्रावणात तो चिखलात रुतला, आणि पुंजारामनं हिरव्या रंगाचं अस्सल विलायती कव्हर चार नट सोडवून खिळ्याला टांगलं. पुढं कंपाउंडरची बदली झाली आणि जाताना उषाबाई सायकल सत्यशीलाला विकून गेल्या. कव्हर कुठं गेलं हे पुंजारामला आठवेना. आणि ते काढलं कुणी, हे बाईंना सांगायची त्याची छाती होईना.

“बघतो,” एवढंच तो म्हणाला.

“लवकर बघा मामा. नोकरी कायम व्हायला चार महिने राहिलेत. उशिराचे दोन शेरे लागलेत. तिसरा लागला की घरी बसायचं.”

सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. 

दुसऱ्याच दिवशी तो जालन्याला गेला आणि लेडीज सायकलचं नवं कोरं कव्हर घेऊन आला. बसवलं, पायडल मारलं, आणि कर्रर्र असा आवाज निघाला की समोरच्या हॉटेलातलं गिऱ्हाईक चहाचा कप घेऊन बघायला आलं. आपल्याकडच्या लेडीज सायकलीचं पायडलापाशी असलेलं दात्यांचं चाक चव्वेचाळीस दात्यांचं. हे विलायती अठ्ठेचाळीसचं. शिवाय कव्हर धरून ठेवणारी भोकं चारही भलतीकडेच. मग त्यानं तेलाचा डबा कापून स्वतः कव्हर घडवलं. ते बसलं झकास, पण पत्रा पातळ. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात दबून त्याची कड वर आली आणि तिनं बाईंच्या साडीचा काठ कात्रीनं कापावा तसा कापला. चेन निदान ओढत होती. हे कापायला लागलं.

बाई पायी जाऊ लागल्या. सकाळी सातच्या आत निघायच्या, दिवस मावळताना परतायच्या, आणि जाताना-येताना दुकानापाशी क्षणभर थांबून विचारायच्या, “मामा, मिळालं का?” रागावून नाही, विनवून नाही. वेळ विचारावी तसं. पुंजारामला तेच सोसवत नव्हतं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

शेवटी त्यानं जाड पुठ्ठा घेतला, त्या मोठ्या चाकाचा आकार त्यावर उतरवला, चार भोकं पाडली, आणि पुठ्ठा पिशवीत घालून खेडी हिंडायला लागला. दुकान अर्धा दिवस बंद. आपण काढलेली कव्हरं या मुलखात कुठं कुठं जाऊन बसली आहेत हे त्याला तेव्हा कळलं. एका घरी कोंबड्या त्यातून पाणी पीत होत्या. एका खळ्यावर त्यानं ज्वारी उपसत होते. एका म्हातारीनं त्यात कोथिंबीर लावली होती आणि ती चांगली तरारली होती. पुंजाराम प्रत्येक कव्हराला पुठ्ठा लावून बघे आणि मान हलवून पुढं जाई.

“अवं, लोक पोरीसाठी स्थळं बघत हिंडत्यात,” त्याची बायको सोनूबाई म्हणाली, “अन् तुमी पत्र्याची पत्रिका जुळवून राह्यले. कशापायी येवढं?”

“मीच काढल्तं ते,” पुंजाराम म्हणाला.

सोनूबाईनं ताटात आणखी एक भाकर टाकली.

एका शुक्रवारी बाईंनी सांगितलं, “सोमवारी साहेब तपासणीला येणार आहेत. परवा पायाला काटा लागला, चालायला वेळ लागतो. बघू.” ते ‘बघू’ ऐकून पुंजाराम शनिवारी पहिल्या एस.टी.नं भोकरदनला आणि तिथून पिंपळगाव रेणुकाईला गेला. त्या अंगाची गावं तेवढी राहिली होती.

देवीच्या देवळाकडून येताना त्यानं सहज वर पाहिलं. काकासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या धाब्याच्या घराला पावसाचं पाणी बाहेर फेकायला पन्हळ लावलेली होती. रुंद बाजू धाब्याकडे, निमुळती रस्त्याकडे. गंजलेली, पण कडेला हिरवा रंग. शिडी मागून तो वर चढला आणि पुठ्ठा लावला. चारही भोकं जुळली. शिडीवरच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं गंजाच्या हातानं पुसल्यामुळं खाली उतरला तेव्हा तोंड बघण्यासारखं झालं होतं.

“तुमच्याच दुकानातून आणल्तं,” काकासाहेब म्हणाले. “पाच पावसाळे झाले, भितीला थेंब न्हाई. कुनासाठी पायजे?”

“शाळंच्या बाईसाठी.”

“कोन बाई? बौद्धवाड्यातली?”

“बाई म्हंजी बाई,” पुंजाराम म्हणाला. “पोरं शिकवती.”

काकासाहेबांनी जरा वेळ सुपारी कातरली. “न्या की. पर माझी भित मातीची हाय. आवकाळी आला तं काय करू? आधी पन्हळ आना, मंग हे काढा. जाड पत्र्याची आना, पातळ टिकत न्हाई.”

पातळ पत्रा टिकत नाही हे पुंजारामला सांगायची गरज नव्हती. जाड पत्रा भोकरदनच्या बाजारात मिळायचा, नाहीतर जालन्याला. बाजाराला चार दिवस होते, आणि जालन्याला जाऊन यायचं तर सोमवार हातचा गेला असता. परतीच्या गाडीत तो खिडकीला टेकून बसला. हसनाबादला उतरला तेव्हा अजून उजेड होता आणि दुकानासमोर पाटी लटकत होती.

त्यानं ती उतरवली. फडक्यानं पुसली, सवयीनं. मग छिन्नी घेतली.

रविवारी सकाळी काकासाहेबांच्या धाब्याला नवी पन्हळ लागली. खालून जाणाऱ्याला ‘सर्व प्रकारचे काम’ एवढं वाचता येत होतं. पुंजाराम कव्हर घेऊन दुपारच्या गाडीनं परतला, दिवेलागणीपर्यंत गंज घासला, गंजून पडलेल्या दोन छिद्रांना डाख लावला, कडा कानशीनं बोट फिरवण्याइतक्या गुळगुळीत केल्या. बसवून पायडल फिरवलं तर आवाज म्हणून नाही.

सोमवारी सकाळी बाई लंगडत आल्या. त्यांनी कव्हर बघितलं, सायकलवर बसल्या, बाजारतळाला एक फेरी मारून आल्या. साडी जशीच्या तशी. त्या हसल्या तेव्हा पुंजारामला राहवलं नाही.

“बाई, एक सांगायचं राह्यलं,” मान खाली घालून तो म्हणाला. “हे ह्याच सायकलीचं कव्हर हाय. कंपाउंडर असताना मीच काढल्तं.”

“माहीत आहे,” सत्यशीला म्हणाली. “सायकल देतानाच उषाबाईंनी सांगितलं होतं.”

पुंजारामनं वर पाहिलं. “मंग बोल्ल्या का न्हाईत? इतके दिवस पायी गेल्या, अन् येक शबुद न्हाई?”

“बोलले असते तर तुम्ही माफी मागून मोकळे झाले असता, मामा,” ती म्हणाली. “मला माफी नको होती. मला कव्हर पाहिजे होतं.”

तिनं वर पाटीच्या जागी दोन रिकामे खिळे पाहिले. साहेब साडेदहाला येणार होते. तिनं पदर खोचला आणि वाडीच्या रस्त्याला लागली.